पदवीनंतरचा रकाना कोरा का? कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

विषय: पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवून ती जाहीर करण्याबाबत.

सन्माननीय महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय संस्था) माहिती भरायची आहे, तरी २०२३ च्या बॅचमधल्या सर्वांनी ऑफर लेटर, नाहीतर पगाराची स्लिप, नाहीतर पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची पावती ताबडतोब पाठवावी. खाली फॉर्मची लिंक. आम्ही बाहेर पडल्यानंतर कॉलेजने केलेली ही पहिली चौकशी. एकाने विचारलं, "सर, अप्रेंटिस आहे, चालेल का?" उत्तर आलं, "चालेल, कंपनीचं नाव दिसलं पाहिजे." दुसऱ्याने लिहिलं, "सर, सध्या काहीच नाही." त्याला कुणी उत्तर दिलं नाही. फॉर्ममध्येही 'काही नाही' असा पर्याय नव्हता.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. त्या सरांचा यात दोष नाही. ते स्वतः तासिका तत्त्वावर शिकवतात, सुट्टीत त्यांचं मानधन बंद असतं, आणि प्लेसमेंट सेलचं काम त्यांच्या गळ्यात वरून पडलेलं आहे. फॉर्म त्यांनी बनवला असेल, पण तो तसा बनवण्याची गरज वरून आली. म्हणून पत्र तुम्हाला.

माझ्याबद्दल थोडक्यात. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी बी.एस्सी. रसायनशास्त्र केलं. पदवीनंतर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार होते. आता दुसऱ्या कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे, पण कंपनीच्या पटावर नाही, ठेकेदाराच्या. वडिलांची कोरडवाहू शेती, आई अंगणवाडी सेविका, धाकटा भाऊ यंदा बारावीला. तो मला विचारतो, ताई, बी.एस्सी. घेऊ का बी.सी.ए.? मी तीन वर्षं शिकले, त्यापुढे नोकरी केली, तरी त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. माझा स्वतःचा अनुभव आहे आणि मैत्रिणींच्या गोष्टी आहेत. त्या कॉलेजातून त्या शाखेची जी मुलं बाहेर पडली, त्यांचं एकुणात काय झालं, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, आणि माझी मूळ तक्रार हीच आहे.

देशाचे आकडे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने काढलेल्या २०२४ च्या भारतविषयक रोजगार अहवालात २०२२ सालचे आकडे दिले आहेत: पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ३.४ टक्के. याचा अर्थ शिकू नये असा कुणी काढू नये. ज्याच्या घरात संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला बेरोजगार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो. आमचे आईबाप आम्हाला थोडे दिवस थांबू देतात, म्हणून आम्ही मोजणीत येतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात तर पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये ४२.३ टक्के बेरोजगार होते. त्याच अहवालात पुढे पाहिलं तर पस्तिशीनंतर हा आकडा ५ टक्क्यांच्याही खाली येतो. म्हणजे शेवटी बहुतेक जण कुठेतरी लागतात. कुठे लागतात, किती पगारावर, शिकलेल्या विषयाशी त्याचा काही संबंध उरतो का, आणि मधली दहा वर्षं कोण पोसतं, हे प्रश्न तिथून पुढचे. माझ्याच वर्गातली मुलं घ्या. एक जण पुण्यात मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. एक पोलिस भरतीसाठी रोज पहाटे धावतो. एकीने बी.एड. केलं आणि आता शिक्षक भरतीची वाट पाहते. एकीचं लग्न झालं आणि तिच्याबद्दल हा प्रश्न विचारणंच सगळ्यांनी बंद केलं. यातलं कुणीही तुमच्या कोणत्याही कागदावर नाही.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली नोंदीची. नॅकच्या मूल्यांकनात किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि किती पुढे शिकायला गेले, हे विचारलेलं असतं. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत तर पदवीनंतरच्या निष्पत्तीचा स्वतंत्र भाग आहे. तिथे नोकरी लागलेल्यांचा मध्यक (म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) पगारसुद्धा भरावा लागतो. म्हणजे हे मोजता येत नाही, असं नाही. पण ते मोजलं जातं गुण मिळवण्यासाठी, मूल्यांकनाच्या तोंडावर, आणि ज्यांच्याकडे दाखवण्यासारखा कागद आहे त्यांच्याकडूनच. तालुक्याची बहुतेक कॉलेजं क्रमवारीच्या वाटेलाच जात नाहीत. मग जूनमध्ये गेटवर फ्लेक्स लागतो, त्यावर चार हसरे चेहरे आणि चार कंपन्यांची नावं. चारशेपैकी चार की चाळीसपैकी चार, हे फ्लेक्सवर लिहायची पद्धत नाही.

माझ्या आईच्या नोंदीत गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन आणि उंची महिन्याच्या महिन्याला चढते. आधी रजिस्टरात चढायची, आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर, तेही रेंज शोधत गच्चीवर जाऊन. एखादं मूल आजोळी गेलं तर कुठल्या गावाला गेलं, हे तिला ठाऊक असतं. कमी वजनाचं मूल यादीतून गाळून टाकलं तर तिचा अहवाल सुंदर दिसेल, पण तिला तसं करायला कुणी सांगत नाही आणि ती करणारही नाही. मानधनावर काम करणाऱ्या एका बाईला हे जमतं. तुमच्याकडे परीक्षा विभाग आहे, संगणक केंद्र आहे, आमचे मोबाइल नंबर आणि ईमेल आहेत. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रम संपल्यावर साधारण १५ महिन्यांनी प्रत्येक पदवीधराला विचारतात, सध्या काय करतोस, आणि त्यातून विद्यापीठनिहाय, विषयनिहाय तक्ते जाहीर होतात. तेवढा खर्च आपल्याला नको. प्रत्येक विभागाने वर्षातून एकदा फोन करायचा आहे.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठ म्हणजे नोकरी लावून देणारं केंद्र नव्हे. मला हे पूर्ण मान्य आहे. मला रसायनशास्त्र आवडलं म्हणून मी ते घेतलं, आणि आमच्या एका मॅडमनी शिकवलेली स्पेक्ट्रोस्कोपी नोकरी नसती तरी मला आवडलीच असती. पण मग फ्लेक्स काढून टाका. प्रवेशाच्या वेळी नोकरीचं आमिष दाखवायचं आणि पदवीनंतर ज्ञानाच्या पावित्र्याची आठवण करून द्यायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

दुसरी तक्रार प्रयोगशाळेची, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बी.एस्सी. रसायनशास्त्राची मुलं हवी असतात. जाहिरातीत पहिली अट असते, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) हाताळता आलं पाहिजे. आमच्या कॉलेजात एचपीएलसी पुस्तकातल्या आकृतीत होतं. परीक्षेला ती आकृती आली होती, मी पूर्ण गुण घेतले होते. मुलाखतीत मला मोबाइल फेज म्हणजे काय विचारलं, ते सांगितलं. रिटेन्शन टाइम विचारला, तोही सांगितला. मग समोरच्याने विचारलं, "मशीनवर बसलीस कधी?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, अप्रेंटिस म्हणून घेऊ.

पुढची गोष्ट ऐका. कंपनीत गेल्यावर ते यंत्र मला काही आठवड्यांत जमलं. नमुना कसा करायचा, कॉलम कसा धुवायचा, नोंदवहीत खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही आणि तारीख कशी टाकायची, ऑडिटर नेमकं काय बघतो, हे सगळं एका सीनिअरने दुपारच्या शिफ्टमध्ये शिकवलं. तीन वर्षांच्या पदवीत हे काही आठवडे कुठेच बसत नव्हते का? विद्यापीठांच्या मुख्य परिसरात ही यंत्रं आहेत. रत्नागिरी, धाराशिव, नाशिक अशा ठिकाणी तुमचे उपपरिसर आणि उपकेंद्रं आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गटागटाने तिथे आठवडाभर बसवलं असतं, तर माझं एक वर्ष वाचलं असतं. तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात लाखोंचं यंत्र ठेवा, असं मी म्हणत नाही. ते धूळ खात पडेल, हे मलाही कळतं. आम्हाला यंत्रापर्यंत न्या, एवढंच मागणं आहे. वाणिज्यवाल्यांचं यंत्र म्हणजे टॅली आणि जीएसटीचं विवरणपत्र. तिथेही अवस्था हीच, बी.कॉम.नंतर मुलं पैसे भरून खासगी क्लासला तेच शिकतात, जे पदवीत शिकवलं जाईल असं त्यांना वाटलं होतं. बी.ए.वाल्यांबद्दल तर कुणी बोलतही नाही.

तिसरी, शिकाऊ उमेदवारीची. १९६१ चा अप्रेंटिस कायदा वाईट नाही. पदवीधर शिकाऊ उमेदवाराला २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि केंद्राच्या योजनेतून त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. पण त्याच कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसतो आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नसतं. त्यामुळे काय होतं, ते आत राहिल्यावर दिसतं. जूनमध्ये एक बॅच गेली, जुलैत दुसरी आली, आणि लॅबमधलं काम तसंच चालू राहिलं. जे काम बाराही महिने आहे त्यावर दर वर्षी नवा शिकाऊ बसतो, म्हणजे तिथे खरं तर एक पक्की जागा आहे. मी राहायचे तिथे खोलीभाडं, मेस आणि कंपनीच्या बसपर्यंतची रिक्षा जाऊन फार काही उरत नसे. घरून पैसे मागवून नोकरी करणं, हा प्रकार आईला अजून समजलेला नाही. या वर्षाला तुमचं कॉलेज 'प्लेसमेंट' म्हणून मोजतं, याला माझी हरकत आहे. शिकाऊ उमेदवारी ही शिकाऊ उमेदवारी म्हणूनच लिहा.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये. आधी सहा महिने, मग मुदत वाढवून अकरा महिने. ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कार्यालयांत मुलं बसली, कामं शिकली. मुदत संपली तशी परत घरी आली आणि मग मोर्चे निघाले. त्या अनुभवाला पुढे कुठे किंमत मिळणार, हे आधी ठरवायला हवं होतं. मंत्रिमहोदय, हे खातं तुमचं नाही, मला माहीत आहे. पण मुलं तुमच्याच कॉलेजांतून तिथे गेली.

कागदपत्रांचं सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ म्हणतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनलाइन मूल्यांकनाने निकाल महिनोन्महिने रखडले, तेव्हा कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. इतका तो नियम गंभीर आहे. तरीही निकाल उशिरा लागणं, गुणपत्रकात नाव चुकणं, 'निकाल राखीव' दिसणं, दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या खिडकीवर चकरा मारणं चालूच आहे. गावाहून विद्यापीठात जाणं म्हणजे एक दिवस, एसटीचं भाडं आणि खिडकीवरचं "जेवणाची सुट्टी आहे, तीननंतर या." मुलाखतीत मात्र माझ्या एका मैत्रिणीला विचारलं गेलं, "पदवीनंतर सहा महिन्यांचा गॅप का?" त्यातला मोठा भाग निकाल आणि गुणपत्रकाची वाट पाहण्यात गेला होता. हे तिने सांगितलं तर समोरच्याला ती सबब वाटली.

मुलींचं एक वेगळं आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं शुल्क राज्याने २०२४ मध्ये माफ केलं, ते फार चांगलं झालं. पण पदवी हातात आल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. राहणार कुठे, रात्रीची शिफ्ट आहे का, आणि सोबत कोण आहे, हे विचारतात. औद्योगिक वसाहतीजवळ नोकरदार मुलींचं एक धड वसतिगृह असतं, तर आमच्या वर्गातल्या निदान दोघी आज माझ्याबरोबर त्याच बसमध्ये असत्या. हे विद्यापीठाचं काम नाही, असं कुणी म्हणेल. विद्यापीठाकडे वसतिगृहं आहेत आणि निकालानंतर तिथली खोली लगेच रिकामी करावी लागते. शेवटच्या वर्षाच्या मुलींना वर्षभराची मुदत दिली, तर किती खोल्या अडतील, ते एकदा मोजून तरी बघा.

नवीन शैक्षणिक धोरणाने ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकणं, आणलं. चार श्रेयांक, साधारण १२० तास. शहरात ते होतं. तालुक्यात जिनिंग मिल, पतसंस्था, मेडिकल आणि झेरॉक्सचं दुकान सोडून कुठे करणार? एम.एस्सी.ला गेलेल्या माझ्या ओळखीच्या मुलामुलींनी कुठूनकुठून शिक्का मिळवला, तास कागदावर भरले. आता हेच पदवीच्या अभ्यासक्रमातही आहे, तेव्हा शिक्क्यांचा धंदा होण्याआधी याकडे बघा.

तेव्हा मागण्या अशा.

प्रत्येक संलग्न कॉलेजाने दर वर्षी, प्रत्येक अभ्यासक्रमासाठी, एका पानाचा तक्ता संकेतस्थळावर आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात लावावा. बाहेर पडून वर्ष झालेल्या बॅचमध्ये एकूण किती, संपर्क किती जणांशी झाला, पुढे शिकणारे किती, पटावरची नोकरी किती, ठेक्यावर किती, शिकाऊ किती, स्वतःचं काम करणारे किती, शोधात किती, घरी किती. पगार गटात द्या, नावं नकोत. ज्यांच्याशी संपर्क झाला नाही ते वेगळे दाखवा, वजा करू नका. तक्ता वाईट दिसला म्हणून कॉलेजची संलग्नता धोक्यात आणू नका, नाहीतर तो खोटा येईल.

या कामासाठी तालुक्यातल्या तीन-चार कॉलेजांत मिळून एक पूर्णवेळ माणूस नेमा. त्याला नियमित पगार द्या आणि परीक्षेच्या ड्युटीवर पाठवू नका.

शेवटच्या वर्षाच्या विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या किंवा उपपरिसराच्या यंत्रांवर किमान एक आठवडा मिळावा. प्रवास आणि राहण्याचा खर्च विद्यापीठाने करावा. ऑन जॉब ट्रेनिंगची जागा शोधण्याची जबाबदारी कॉलेजची असावी, आणि जागा गावाबाहेर असेल तर प्रवासभत्ता मिळावा.

निकाल ४५ दिवसांत लावा. उशीर झालाच तर विद्यापीठाने स्वतःच्या सहीशिक्क्याचं पत्र द्यावं की विलंब विद्यापीठाकडून झाला, विद्यार्थ्याकडून नाही. पदवी प्रमाणपत्र डिजिलॉकरवर कधी येणार, ती तारीख निकालासोबतच जाहीर करा. विद्यापीठाच्या चुकीच्या दुरुस्तीला शुल्क घेऊ नका.

मंत्रिमहोदय, तुमच्याकडे एकच मागणं, आणि ते मंत्रिमंडळात मांडण्याचं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये होतं. ज्याला नोकरी नाही त्याच्याकडून प्रत्येक भरतीला असे पैसे घेणं थांबवा. वर्षातून एकदा नाममात्र शुल्क घ्या आणि त्यावर सगळ्या सरळसेवा परीक्षांना बसू द्या.

भावाच्या प्रवेशाचे अर्ज बारावीच्या निकालानंतर सुरू होतील. सगळ्या मागण्या तोवर पूर्ण होणार नाहीत, हे कळतं. एक पानाचा तक्ता मात्र होऊ शकतो. निदान प्रत्येक विद्यापीठाने एका जिल्ह्यापासून सुरुवात करावी. कोणता जिल्हा घेणार आणि तक्ता कोणत्या तारखेला लावणार, हे जाहीर परिपत्रकाने कळवावं, ही विनंती.

आपली,
एक पदवीधर
बी.एस्सी. (रसायनशास्त्र), २०२३ ची बॅच